आधी मांडीत ॲड्रेनालिन, एव्हिल नंतर

अंगावर पित्त उठलं की घरात आमसुलं भिजत पडतात आणि दवाखान्यात एव्हिल-डेक्सा (एक अँटिहिस्टामिन, एक स्टेरॉइड) भरलं जातं. नुसत्या गांधी आणि खाज असेल तर दोन्ही चालतं, कारण पित्त बहुतेक वेळा आपलं आपण बसतं. पण गांधींच्या जोडीला आवाज घोगरा झाला, छातीत शिट्टी वाजायला लागली, उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या किंवा उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते पित्त राहिलं नाही. ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीव घेऊ शकणारा ॲलर्जीचा झटका. तिथेही तेच एव्हिल-डेक्सा देऊन ‘बघू या पाच-दहा मिनिटं’ म्हणायची सवय अजून गेलेली नाही, आणि गेल्या पंचवीसेक वर्षांतलं संशोधन नेमकं त्या पाच-दहा मिनिटांच्या विरोधात गेलेलं आहे.

मिनिटांचा हिशेब आधी बघू. ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंचा माग ठेवणाऱ्या रिचर्ड पम्फ्री यांनी २००० साली मांडलेले आकडे आजही या विषयात पहिल्यांदा सांगितले जातात. त्रास सुरू झाल्यापासून हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंत अन्नाच्या बाबतीत साधारण ३० मिनिटं गेली होती, माशीच्या दंशात १५ आणि दवाखान्यात दिलेल्या औषधात फक्त ५. शिरेतून अँटिबायोटिक देऊन सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढाच. म्हणून ‘आधी साधं काहीतरी देऊन बघू’ याला इथे जागा नाही.

शिवाय गांधी दिसायलाच हव्यात असंही नाही. शंभरातल्या दहा ते वीस रुग्णांच्या अंगावर काहीच उठत नाही. जागतिक ॲलर्जी संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली ती यासाठीच. ज्या गोष्टीची ॲलर्जी माहीत आहे ती पोटात किंवा अंगात गेली आणि त्यानंतर रक्तदाब पडला, दमा उसळला किंवा घसा आवळला, तर त्वचा स्वच्छ असली तरी तो ॲनाफिलॅक्सिस धरायचा.

आता एव्हिल का पुरत नाही ते. ॲलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशी फुटतात तेव्हा त्यातून एकटं हिस्टामिन बाहेर पडत नाही. ट्रिप्टेज, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन अशी सगळी वरात निघते. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरतं. पहिल्या दहा मिनिटांत वाहिन्यांमधला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव बाहेर जाऊ शकतो. एव्हिल यातल्या फक्त हिस्टामिनची एक खुर्ची अडवतं. खाज कमी होते, गांधी फिकट होतात आणि सगळ्यांना हायसं वाटतं, पण रक्तदाब आणि श्वासनलिका जिथे होत्या तिथेच राहतात. वर गुंगी येते ती वेगळीच. माणूस औषधाने पेंगतोय की रक्तदाब पडून मलूल झालाय, हे मग कळेनासं होतं. डेक्सा किंवा हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दिसायला काही तास लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या लढाईत ते पोचतच नाही. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१च्या मार्गदर्शनात सुरुवातीच्या उपचारांतून अँटिहिस्टामिन काढून टाकलं आणि स्टेरॉइड सरसकट देऊ नका असं सांगितलं. ॲड्रेनालिन मात्र तिन्ही आघाड्यांवर एकदम लढतं: वाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींना आणखी रसायनं सोडण्यापासून रोखतं.

ते कसं द्यायचं याबद्दल थोडं सविस्तर, कारण चुका इथेच होतात.

आपल्याकडे मिळणाऱ्या १ मिलीच्या काचेच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन असतं. जुन्या लेबलवर यालाच १:१००० लिहिलेलं असतं. मात्रा वजनावर, किलोमागे ०.०१ मिली. १० किलोच्या बाळाला ०.१ मिली, २० किलोच्या मुलाला ०.२ मिली आणि मोठ्या माणसाला ०.५ मिली, त्याच्या वर एका वेळी जायचं नाही. वजन माहीत नसेल तर ब्रिटनचं वयाचं गणित सोपं आहे: सहा महिने ते सहा वर्षं ०.१५, सहा ते बारा वर्षं ०.३, बाराच्या पुढे ०.५ मिली. सिरिंज १ मिलीचीच घ्या. ५ मिलीच्या सिरिंजमध्ये ०.१ मिली मोजणं म्हणजे तांदळाच्या मापाने केशर मोजणं. इन्सुलिनची सिरिंज हाताशी असेल तर तिच्यात दोन फसगती आहेत. ४० युनिटवाल्या सिरिंजमध्ये अर्धा मिली म्हणजे २० ची खूण आणि १०० युनिटवालीत ५० ची. आणि तिला जोडलेली सुई इतकी आखूड असते की औषध स्नायूपर्यंत जातच नाही, कातडीखालच्या चरबीत बसून राहतं.

कातडीखाली आणि स्नायूत यातला फरक किती? कॅनडातल्या एस्टेल सायमन्स यांच्या गटाने १९९८ साली मुलांमध्ये मोजून पाहिलं. मांडीच्या स्नायूत दिल्यावर रक्तातली पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखरावर गेली, कातडीखाली दिल्यावर ३४ मिनिटं लागली. २००१ मध्ये त्यांनीच मोठ्या माणसांत दाखवलं की मांडीत दिल्यावर जी पातळी मिळते ती दंडात दिल्यावर मिळत नाही. म्हणून जागा एकच: मांडीचा बाहेरचा भाग, गुडघा आणि खुबा यांच्या बरोबर मध्ये. एक इंचाची सुई, काटकोनात, पूर्ण आत. वेळ नसेल तर कपड्यावरून टोचलं तरी चालतं, फक्त शिवण आणि खिसा सोडून.

सगळ्यात घातक चूक उलट्या दिशेची आहे. घाबरून पूर्ण ॲम्प्यूल थेट शिरेत ढकलणं. हृदय थांबलेल्या रुग्णाला शिरेतून १ मिलिग्रॅम देतात, तेच हात नाडी चालू असलेल्या ॲनाफिलॅक्सिसच्या रुग्णालाही तसंच देऊन मोकळे होतात. त्यातून हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. स्नायूतल्या योग्य मात्रेने हात थरथरतात, छाती धडधडते, चेहरा पांढरा पडतो. हे सगळं थोड्या वेळात ओसरतं आणि त्याला भिऊन दुसरी मात्रा रोखायची नसते. ॲड्रेनालिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर तीच मात्रा दुसऱ्या मांडीत. दोन मात्रांनंतरही रक्तदाब उचलत नसेल तर सलाइन जोरात सोडायचं (मोठ्या माणसाला अर्धा ते एक लिटर) आणि अतिदक्षता विभाग गाठायचा. बीटा-ब्लॉकरच्या (रक्तदाब-हृदयविकारावरच्या) गोळ्या घेणाऱ्यांना ॲड्रेनालिन नीट लागू पडत नाही, त्यांच्यासाठी ग्लुकागॉन लागतं.

आणि आडवं ठेवा. पम्फ्री यांनीच २००३ साली दाखवलं की काही रुग्ण उठून बसले किंवा त्यांना कुणी उभं केलं आणि त्याच क्षणी गेले. वाहिन्या रिकाम्या झालेल्या असतात. माणूस उभा केला की उरलंसुरलं रक्त पायात उतरतं आणि हृदयाकडे परत यायला काही राहत नाही. पाय वर, पाठ जमिनीवर. फारच धाप लागत असेल तर पाय लांब करून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. ‘चल, चालत गाडीपर्यंत जाऊ’ हे मात्र कधीच नाही. १०८ला फोन करा आणि स्ट्रेचर येईपर्यंत थांबा. बरं वाटल्यावरही दवाखान्यात थांबावं लागतं, कारण साधारण वीसातल्या एकाला काही तासांनी तोच झटका पुन्हा येतो, ॲलर्जीची वस्तू दुसऱ्यांदा न खाता.

ज्या दवाखान्यात सोय आहे त्यांनी त्याच वेळी रक्ताची एक नळी ट्रिप्टेजसाठी काढून ठेवावी. त्रास सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत काढली तर उत्तम, चार तासांनंतर फारसा उपयोग नाही. २४ तासांनी दुसरी. पहिला आकडा दुसऱ्याच्या १.२ पट अधिक २ यापेक्षा मोठा असला, तर मास्ट पेशी फुटल्या होत्या हे पक्कं. पुढे ‘ते नक्की काय होतं’ यावर वर्षभर चर्चा करण्यापेक्षा ही नळी स्वस्त पडते.

आपल्या भागाला सगळ्यात जवळचं संशोधन मात्र सापाच्या लसीचं आहे. हाफकिनमध्ये जी प्रतिविषं बनतात ती घोड्याच्या रक्तद्रवातून, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी एकच. घोड्याची प्रथिनं शिरेत गेली की अनेकांना त्रास होतो. तो बहुतेक वेळा खऱ्या ॲलर्जीच्या मार्गाने होत नाही, पण दिसतो हुबेहूब तसाच आणि उपचारही तोच. श्रीलंकेत एक हजार सात रुग्णांवर केलेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबद्दल वाचण्यासारखा आहे. प्रतिविष सुरू करण्याआधी काहींना ॲड्रेनालिन ०.२५ मिली कातडीखाली दिलं, काहींना प्रोमेथॅझिन (एव्हिलसारखंच अँटिहिस्टामिन), काहींना हायड्रोकॉर्टिसोन, काहींना यांची वेगवेगळी मिश्रणं आणि काहींना नुसतं पाणी. एकूण ७५ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झालाच, आणि त्यातला बहुतेक पहिल्या तासात. ॲड्रेनालिनने पहिल्या तासातले गंभीर त्रास ४३ टक्क्यांनी कमी केले. प्रोमेथॅझिन आणि हायड्रोकॉर्टिसोनने काहीच फरक पडला नाही. उलट ॲड्रेनालिनसोबत हायड्रोकॉर्टिसोन दिलं तर ॲड्रेनालिनचा फायदाही पुसला गेला. म्हणजे ‘आधी एव्हिल-हायड्रोकॉर्ट देऊन मग लस’ ही पद्धत मनाचं समाधान सोडलं तर फार काही देत नाही. प्रतिविषाची टेस्ट डोसही तशीच. तिने पुढचा त्रास ओळखता येत नाही, वेळ जातो तेवढा. (आधीच्या ॲड्रेनालिनची मात्रा कातडीखाली आणि अर्धी, चालू झटक्याची मांडीत आणि पूर्ण. या दोन्हींची गल्लत करू नये. हृदयविकार असलेल्यांत आणि फार वयस्कर माणसांत आधीची मात्रा विचार करूनच.)

सुईची भीती हा उशिराचा आणखी एक उगम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी नाकात मारायच्या ॲड्रेनालिनला परवानगी दिली. नेफी नावाचा २ मिलिग्रॅमचा फवारा, ३० किलोच्या वरच्यांसाठी. पुढे मार्च २०२५ मध्ये १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी १ मिलिग्रॅमचा. एक गोष्ट लक्षात ठेवावी: पहिली परवानगी १७५ निरोगी माणसांच्या रक्तातली पातळी इंजेक्शनशी ताडून मिळाली होती, झटका आलेल्यांवर औषध वापरून नव्हे. अशा झटक्यात कुणाला साखरेचं पाणी देऊन बघता येत नाही, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. तरी सुई वापरता येणाऱ्याने सुई सोडावी असं मला वाटत नाही.

आता मुळात झटका येऊच नये म्हणून काय करायचं. इथे गेल्या दहा वर्षांत सगळं उलटं झालं, आणि ज्या वस्तूवरून झालं ती आपल्या प्रत्येक डब्यात असते: शेंगदाणा.

२००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका आहे त्यांना तीन वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका. मुलांतली शेंगदाण्याची ॲलर्जी काही कमी झाली नाही आणि २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने एक विचित्र फरक दाखवला. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमधल्या ज्यू मुलांत ०.१७ टक्के. वंश एक, पण इस्रायलमध्ये बाळं दात येण्याच्या वयात शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात. मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची, जास्त एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणारा आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा बंद, निम्म्यांना आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन, तीन किंवा जास्त वेळा विभागून. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या वयात बंद ठेवलेल्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. २०२४ मध्ये हीच मुलं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा १५.४ आणि ४.४ टक्के. मधल्या काळात कुणी किती शेंगदाणे खाल्ले यावर बंधन नव्हतं, तरी फायदा टिकला. २०२५ मध्ये अमेरिकेतून खऱ्या जगातला आकडाही आला. नवं धोरण लागू झाल्यावर तीन वर्षांखालच्या मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीची नवी निदानं आधी २७ टक्क्यांनी आणि सल्ला सगळ्या बाळांपर्यंत पोचल्यावर ४० टक्क्यांहून जास्त कमी झाली.

कारण काय, तर शरीर एखाद्या प्रथिनाला पहिल्यांदा कोणत्या दारातून भेटतं यावर मैत्री की वैर ठरतं. पोटातून भेटलं तर ओळख होते. फाटलेल्या, खाजऱ्या त्वचेतून भेटलं तर शत्रू म्हणून नोंद होते. शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीम लावलेल्या बाळांत ही ॲलर्जी जास्त दिसते, हे लॅक यांनी २००३ सालीच नोंदवलं होतं. तेव्हा एक्झिमा असलेल्या बाळाला शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाने मालीश नको, आणि त्याच बाळाच्या पेजेत दाण्याचं कूट मात्र हवं.

प्रयोगातली एका वेळची मात्रा म्हणजे २ ग्रॅम प्रथिन, म्हणजे साधारण ८ ग्रॅम दाणे, म्हणजे बारीक कुटाचे चहाचे अडीच चमचे, आठवड्यातून तीनदा. अख्खा किंवा अर्धा दाणा पाच वर्षांखाली द्यायचा नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. कोरडं कूटही नको, त्याचा ठसका लागतो. मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून कोमट पाण्यात किंवा दुधात कालवायचं, मग नाचणीच्या खिरीत किंवा भाताच्या पेजेत मिसळायचं. दाणे ताजे घ्या, कडवट किंवा बुरशीचे निवडून टाका. पहिल्या दिवशी बाळ निरोगी असताना, दुपारच्या आत, चमच्याच्या टोकावर घेऊन द्या, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं भरवा आणि दोन तास नजर ठेवा. बाळाला आधीच जास्त एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर हे घरी नाही, आधी त्वचेची चाचणी करून डॉक्टरांच्या समोर. आणि एकदा सुरू केलं की सोडू नका. महिन्यातून एकदा चिक्कीचा तुकडा हा काही नियम झाला नाही.

आपल्याकडे मुळात हा आजार किती? युरोपच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या पाहणीत कर्नाटकातली शाळकरी मुलं होती. त्यांच्यात अन्नाच्या ॲलर्जीची शक्यता ०.१४ टक्के निघाली, तर हाँगकाँगमध्ये १.५. मोठ्या माणसांचे आकडे जास्त शिकवणारे आहेत. रक्तात एखाद्या अन्नाविरुद्ध आयजीई (ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड) सापडणारे २६.५ टक्के, आणि खरी ॲलर्जी असण्याची शक्यता असलेले १.२ टक्के. शंभर वस्तूंचं ॲलर्जी पॅनेल करून ‘गहू, दूध, डाळ, वांगं बंद’ असा कागद घेऊन फिरणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. चाचणी फक्त संशयित वस्तूची करायची, आणि संशय हा खाल्ल्यानंतर दोन तासांत काय झालं यावरून घ्यायचा. अपवाद आहेत. गव्हाच्या ॲलर्जीचा एक प्रकार असा की पोळी खाऊन बसून राहिलं तर काही नाही, पण पोळी खाऊन तासाभरात धावायला गेलं की झटका येतो. त्याआधी ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर आणखी लवकर. यात ओमेगा-५ ग्लायडिन या घटकाची वेगळी चाचणी मागावी लागते, साध्या गव्हाच्या चाचणीत ते निसटू शकतं.

ज्यांना ॲलर्जी आहेच त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ओमालिझुमॅबला अमेरिकेत परवानगी मिळाली. हे दम्याचं जुनं औषध आयजीईलाच पकडून ठेवतं. दर दोन किंवा चार आठवड्यांनी टोचायचं. प्रयोगात सोळा आठवड्यांनंतर ६७ टक्के रुग्ण ६०० मिलिग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन, म्हणजे अडीच दाणे, पचवू शकले; नुसतं पाणी टोचलेल्यांत ७ टक्के. काजूत मात्र फायदा कमी होता: १ ग्रॅम प्रथिन पचवणारे ४१ टक्के आणि तुलनेच्या गटात ३. औषध घेऊनही सुमारे १४ टक्क्यांना शेंगदाण्याचं ३० मिलिग्रॅमसुद्धा झेपलं नाही. त्यामुळे हे जेवणात शेंगदाणा आणण्यासाठी नव्हे, चुकून पोटात गेलेल्या चिमटीपासून वाचण्यासाठी आहे. आणि गंमत अशी की या औषधाच्या वेष्टनावरच ते स्वतः ॲनाफिलॅक्सिस घडवू शकतं असा ठळक इशारा आहे. काजूची ॲलर्जी असलेल्यांनी पिस्ताही टाळायचा, दोघांची प्रथिनं सख्ख्या भावंडांसारखी. आणि हॉटेलातल्या पांढऱ्या-पिवळ्या रश्शाला दाटपणा कशाने आला ते विचारल्याशिवाय चमचा लावायचा नाही.

उंदरांवरचं एक ताजं काम सांगून पुढे जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं की आतड्यातली ल्युकोट्राइन अन्नाला रक्तात शिरायला वाट करून देतात आणि दम्याची झिल्युटॉन ही जुनी गोळी आधी दिली की ॲलर्जी असलेल्या उंदरांतला झटका बराच टळतो. माणसांत हे सिद्ध व्हायचं आहे, घरच्या घरी करून बघायचं नाही.

ज्या घरात एकदा झटका येऊन गेला आहे तिथे तोपर्यंत काय? पेनसारखं तयार इंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मागवलं तर महाग पडतं. ॲम्प्यूल काही रुपयांत मिळते. लसीकरणाच्या सत्रात एएनएमकडे (आरोग्यसेविकेकडे) असणाऱ्या किटमध्येही तेच असतं: तीन ॲम्प्यूल, १ मिलीच्या सिरिंजा, एक इंची सुया, कापूस. घरच्या डब्यातही तेवढंच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि त्यांच्या समोर दोनदा सलाइन भरून सराव केल्यावर. घाबरलेल्या हाताने ॲम्प्यूल फुटत नसेल तर डॉक्टरांकडून मात्रा भरलेली सिरिंज घेऊन काळोखात ठेवता येते. २०१९ मधल्या एका आढाव्यात ती तीन महिने टिकते असं दिसलं, म्हणून दर तीन महिन्यांनी नवी. डबा फ्रीजमध्ये नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की टाकून द्यायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: वस्तूचं नाव, मुलाचं वजन, मिलीत मात्रा, १०८. दर वाढदिवसाला वजन करून त्या कागदावरचा आकडा बदला.